वर बसने, खाली सायकलने

पनवेल हे डोंगराळ शहर आहे ही गोष्ट अख्ख्या पनवेलमध्ये एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस नेमका माझ्या मुलीचा सासरा आहे. बाकीचे आम्ही सगळे आपण सपाटीवर राहतो अशा समजुतीत सुखाने जगत होतो. पूर्वेकडे डोंगर आहेत, ते गच्चीवरून दिसतातही, पण ते तिकडे आणि आपण इकडे, अशी आमची साधी विभागणी होती. व्याह्यांनी ती मोडून काढली. "डोंगर म्हणजे काय, व्याहीबुवा?" असं त्यांनी मला साखरपुड्याच्या दिवशी, हातात पोह्यांची बशी असताना विचारलं होतं. मी नवा होतो, मुलीकडचा होतो, त्यामुळे नुसता हसलो. "जिथे सायकलवरून उतरावं लागतं, तो डोंगर," त्यांनी सांगितलं आणि पोहे खाल्ले. या व्याख्येप्रमाणे रोडपालीतल्या त्यांच्या घरापासून नवीन पनवेलमधल्या आमच्या घरापर्यंत चार डोंगर आणि एक खिंड लागते. चारांपैकी तीन उड्डाणपूल आहेत, चौथा आमच्या सोसायटीच्या फाटकातला उतार. खिंड म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता. हा सगळा प्रवास ते आठवड्यातून दोनदा सायकलने करतात आणि आल्यावर पाणी पिण्याआधी कोणत्या डोंगरावर उतरावं लागलं ते सांगतात.

त्यांची नोकरी रेल्वेत होती, रुळांचा चढ-उतार मोजण्याची. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना रूळ किती वर चढतात आणि किती खाली उतरतात हे तपासण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. इतकी वर्षं एकाच गोष्टीकडे पाहिलेल्या माणसाला दुसरं काही दिसेनासं होतं. लग्नाच्या दिवशी मी आणि बायको हॉलच्या दाराशी ओवाळणीचं ताट घेऊन उभे होतो. वरात आली, फटाके वाजले, आणि व्याही हॉलच्या उताराशी येऊन थबकले. त्यांनी खाली पाहिलं, पाऊल पुढे-मागे करून बघितलं आणि म्हणाले, "एकास नऊ. म्हाताऱ्यांना जड जाणार." म्हणजे नऊ पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. मागे दीडशे माणसांची वरात खोळंबली, घोडा अस्वस्थ झाला, बँडवाल्यांनी तेच गाणं तिसऱ्यांदा सुरू केलं. शेवटी विहीणबाईंनी त्यांना मागून ढकललं तेव्हा कुठे लग्न लागलं. पुढे ते आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा खिशातून गोटी काढून त्यांनी दिवाणखान्याच्या मध्यावर ठेवली. गोटी सरळ फ्रीजखाली गेली. "तुमचं घर ईशान्येला कलतंय," ते म्हणाले. माझ्या बायकोने कुठेतरी वाचलं होतं की ईशान्य खाली असणं शुभ असतं. तेव्हापासून माझ्या घरात माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला जास्त वजन आहे.

मी स्वतः एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य बसून काढलेलं. मला सायकलची गरज नव्हती आणि सायकललाही माझी नव्हती. पण मुलीच्या सासऱ्याने एखादी गोष्ट म्हटली की तिला नाही म्हणायचं नसतं, ही शिकवण माझ्या हाडात मुरलेली. आता दिवस बदललेत, माझी मुलगी सासऱ्यांशी हुज्जत घालते, जावई तर वडिलांना सरळ गप्प बसवतो. मी मात्र जुना माणूस. ते बसल्याशिवाय मी बसत नाही, त्यांनी घास घेतल्याशिवाय माझा हात ताटाकडे जात नाही, आणि दारातून आत जाताना आम्हा दोघांना नेहमीच बराच वेळ लागतो, कारण तेही तितकेच सभ्य आहेत. त्यामुळे माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी "व्याहीबुवा, आपण सायकल घेऊ या" म्हटल्यावर मी बासष्टाव्या वर्षी जुन्या पनवेलमधल्या सायकलच्या दुकानात उभा होतो. दुकानाचे मालक चाचा माझ्याकडे बघून हळहळले. "काका, सायकल उमदा आहे. पण अल्लाचं नाव घ्या आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबू नका," ते म्हणाले. मग व्याह्यांकडे बोट करून हळूच म्हणाले, "हे साहेब गेल्या महिन्यात आले होते. माझी फरशी तिरकी आहे म्हणून सांगून गेले. तेव्हापासून गल्ल्यावर बसलो की मला घसरल्यासारखं वाटतं."

व्याह्यांची एक योजना होती आणि ती चार शब्दांत मावत असे. वर बसने, खाली सायकलने. माणूस सायकलला कंटाळत नाही, चढाला कंटाळतो, हे त्यांचं मूळ तत्त्व. तेव्हा चढापुरती बस द्या, बसच्या पाठीमागे सायकली अडकवायला आकडे द्या, आणि डोंगराच्या पायथ्याने सावलीची एक वाट द्या, म्हणजे अर्धं पनवेल गाड्या विकून टाकेल. या योजनेचा नकाशा त्यांनी स्वतः काढलेला होता. कागद पुरेना म्हणून तो त्यांनी आमच्या मुलांच्या लग्नात दाराशी लावलेल्या फ्लेक्सच्या पाठीवर काढला. हा दहा फुटी नकाशा घेऊन ते कचेऱ्यांमधून फिरत. साहेबलोक नकाशा बघत, माना डोलवत, आणि गुंडाळताना तो उलटा झाला की माझी मुलगी आणि जावई हात जोडून सगळ्या कचेरीचं स्वागत करत. एका साहेबाने तर "या दोघांच्या स्मरणार्थ काही करायचं आहे का?" असं हळुवारपणे विचारलं होतं.

कुणी करत नाही म्हटल्यावर सायकलची वाट त्यांनी स्वतःच करायला घेतली. नेरे गावाच्या पुढे डोंगराच्या कडेने एक जुनी बैलगाडीची वाट आहे, आता झुडपांनी भरलेली. डांबरी रस्त्यापेक्षा ती लांब पडते, पण तिचा चढ सौम्य. आम्ही दोघं रोज सकाळी कोयते घेऊन जायचो, थोडी झुडपं तोडायचो, आणि दर थोड्या अंतरावर एक दगड ठेवून त्यावर चुन्याने चढ लिहायचो. एकास अठ्ठावीस. एकास पंचवीस. सायकलवाल्याला पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळावं हा हेतू. पण आपल्या पनवेलमध्ये चुन्याचा आकडा घातलेला दगड शेतात दिसला की त्याचा अर्थ एकच होतो. तिसऱ्या दिवशी नेऱ्याकडचे आठ-दहा शेतकरी बांधावर येऊन उभे राहिले. "आमची जागा जाते का नाय, तेवरं सांगा," त्यातला म्होरक्या म्हणाला. व्याह्यांनी त्यांना अर्धा तास चढ समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकून गेले, कारण जमीन घ्यायला येणारा प्रत्येक माणूस आधी असंच काहीतरी समजावतो. दुसऱ्या दिवशी ज्यांना जमीन द्यायची नव्हती त्यांनी दगड शेजाऱ्याच्या हद्दीत सरकवले होते, आणि ज्यांना द्यायची होती त्यांनी ते आपल्या हद्दीत ओढून घेतले होते. व्याही ना चिडले, ना ओरडले. पुन्हा भांडण नको म्हणून त्यांनी दगड होते तिथेच राहू दिले आणि त्यांच्या मागोमाग वाट काढली. म्हणून त्या वाटेला आजही दोन वळणं अशी आहेत ज्यांचं कारण भूगोलात सापडत नाही.

या वाटेनेच आम्ही एका वाडीवर पोचलो आणि तिथे आम्हाला बुधीबाई भेटली. वाडी डोंगराच्या अंगावर आहे, पन्नासेक घरं. माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातात. बुधीबाई रानातली भाजी, करवंदं, कधी आळंबी गोळा करून नवीन पनवेलच्या स्टेशनाबाहेर विकते. वय तिला ठाऊक नाही, पण उजवा गुडघा कामातून गेलाय हे ठाऊक आहे. पनवेलची बस डोंगराखालच्या फाट्यापर्यंत येई आणि तिथूनच मागे फिरे. वाडीपासून फाट्यापर्यंत दोन किलोमीटर सिमेंटचा रस्ता, आणि त्याचा उतार एकास बारा. चढताना तिला त्रास नव्हता, टोपली रिकामी असे. उतरताना डोक्यावर भरली टोपली आणि खाली तो गुडघा. व्याह्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उलटी, पाठमोरी उतरत होती. तसं उतरलं की गुडघा कमी दुखतो, असं तिने सांगितलं. व्याह्यांनी टोपली सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सायकल हातात धरून तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेले.

तो रोजचा परिपाठ झाला. पहाटे उठायचं, चढ चढायचा, बुधीबाईच्या अंगणात कोरा चहा प्यायचा, टोपली बांधायची आणि दोन किलोमीटर गप्पा मारत उतरायचं. मी मागून माझी सायकल सांभाळत चालायचो. ती त्यांना कोणत्या पावसात कोणती भाजी उगवते ते सांगे, ते तिला ती पायाखाली कोणता चढ तुडवतेय ते सांगत. दोघांनाही एकमेकांचं बोलणं निम्मंच कळत असे आणि दोघंही त्याने खूष असत. मी तीस वर्षं पुस्तकांच्या सहवासात काढली, पण इतकं मन लावून ऐकणारी दोन माणसं एका ठिकाणी पाहिली नव्हती. मात्र पावसाळा संपता संपता तिचा गुडघा सुजला. "औंदा बाजार बंद करीन म्हन्ते," ती एके दिवशी म्हणाली. "मंग काय कराल?" व्याह्यांनी तिच्याच सुरात विचारलं. "काय करनार. वाडीत बसंन. स्टेशनावरच्या बाया इचारतील, बुधी मेली का काय." ती हसली. व्याही हसले नाहीत. त्या दिवसापासून सगळ्या पनवेलची योजना बाजूला पडली आणि एकच गोष्ट उरली. ती बस फाट्यावरून दोन किलोमीटर वर आणायची.

बसच्या कचेरीतून तीन हरकती आल्या. चढ फार आहे, गाडी वळवायला जागा नाही, आणि वर प्रवासी नाहीत. पहिल्या हरकतीला उत्तर म्हणून व्याह्यांनी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, तीत पाणी भरलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं मला दिलं, आणि आम्ही तो सगळा रस्ता वीस-वीस फुटांनी मोजला. अकरा दिवस लागले. रस्त्याने जाणारी माणसं दोन म्हातारे पाण्याच्या नळीची दोन टोकं धरून का उभे आहेत ते विचारत. "पाणी खोटं बोलत नाही," एवढंच व्याही सांगत, आणि माणसं घाईघाईने निघून जात. कुठल्याही घाटात बस यापेक्षा मोठा चढ चढते, हे त्यांनी तक्त्यानिशी सिद्ध केलं. दुसऱ्या हरकतीला उत्तर वाडीने दिलं. बस वळायला किती जागा लागते ते व्याह्यांनी दोरी फिरवून जमिनीवर आखून दाखवलं, तर त्या वर्तुळात दोन घरांची भात झोडायची खळी आणि एक शेवग्याचं झाड आलं. चार दिवसांत खळी हलली. झाड ज्याचं होतं त्याने ते स्वतः तोडलं आणि शेंगा आम्हाला दिल्या. राहता राहिली तिसरी हरकत. त्यासाठी कचेरीने एक चाचणी फेरी ठरवली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बस वाडीवर येईल, पाच मिनिटं थांबेल, आणि खाली उतरताना तीत किती प्रवासी आहेत ते साहेब स्वतः मोजतील.

त्या सकाळी सगळी वाडी नटली होती. रस्त्यावर सडा, वळणावर आंब्याचं तोरण, बायकांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी. बुधीबाईच्या टोपलीवर धुतलेलं फडकं. बस आली. ड्रायव्हर नेऱ्याकडचाच होता, त्याने एकदाही गिअर न चुकवता गाडी त्या वर्तुळात वळवली आणि खाली उडी मारून म्हणाला, "चढ हाय, पन गोड हाय." व्याह्यांना इतकं मोठं प्रशस्तिपत्रक रेल्वेनेही दिलं नव्हतं. नारळ फुटला, बसच्या कपाळावर हळदकुंकू लागलं, दार उघडलं. आणि सगळी वाडी दारापाशी येऊन थांबली.

"बसा," बुधीबाई व्याह्यांना म्हणाली.

"छे, छे. गाडी तुमची. आधी तुम्ही."

"तुमी आनली. तुमी पावने. पावना आदी."

"असं कसं? मी पाहुणा कुठला? मी रोजचा. तुम्ही वडीलधाऱ्या. आधी तुम्ही बसा."

"तुमी बसल्याबिगर मी पाय ठेवनार नाय."

बुधीबाई वाडीतली सगळ्यात वडील, त्यामुळे तिच्या आधी कुणी चढणं शक्य नव्हतं. जमलेले चाळीसेक लोक तिच्यामागे हात बांधून उभे राहिले. व्याही बुधीबाईच्या आधी चढायला तयार नव्हते. आणि मी, मुलीकडचा, व्याह्यांच्या आधी चढणं स्वप्नातही आणू शकत नव्हतो. आत साहेब घड्याळ बघत होते. त्यांनी दोनदा "चला, चला" म्हटलं, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी एकमेकांना "चला, चला" म्हटलं. पाच मिनिटं झाली. बेल वाजली, दार लागलं, बस निघाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. वाडीने पहिल्या गाडीला नमस्कार केला, पोरांनी हात हलवले, आणि ती वळणाआड गेल्यावर चांगलं झालं, छान झालं असं दोन-तीन मिनिटं चाललं होतं. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात येऊ लागलं. बुधीबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि ती पाठमोरी उतरायला लागली.

आठ दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. सदर वाडीवर बसची आवश्यकता आढळून आली नाही, प्रवासी संख्या शून्य. त्यानंतर व्याही आमच्याकडे यायचे बंद झाले. दहाव्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "हे बोलत नाहीत हो. काल मुद्दाम त्यांच्यासमोर म्हटलं, गॅलरीत पाणी साठतंय, उतार चुकलाय वाटतं. उठून बघितलंसुद्धा नाही." मी रोडपालीला गेलो. चारही डोंगर सायकलवरून न उतरता पार केले, आणि ते सांगायला उत्सुक होतो, पण त्यांनी विचारलंच नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. "मी मोडलं ते, व्याहीबुवा," ते म्हणाले. "कचेरीने नाही, चढाने नाही. माझ्या सभ्यपणाने मोडलं. ती बाई उलटी उतरतेय आणि मी दारात उभा राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही करत बसलो." मला त्यांना सांगायचं होतं की चूक एकट्याची नव्हती. पण मी नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता मी कचेरीत गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता. "काका, माणसं होती हे मान्य. पण प्रवासी नव्हते," ते म्हणाले. "उभे राहणारे प्रवासी आम्ही मोजतो. पण ते बसच्या आत उभे असावे लागतात." मी म्हटलं, "साहेब, मी प्रवासीच होतो. मला खाली यायचं होतं. पण पुढे माझ्या मुलीचे सासरे उभे होते आणि ते चढत नव्हते." साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं. "माझ्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर झालं," ते म्हणाले. "व्याही सांगलीचे. परवा आमच्याकडे आले होते. सोफ्यावर दोघं बसायला पाव तास लागला." मग त्यांनी ते पत्र जवळ ओढलं आणि त्यावर लिहिलं की तांत्रिक कारणाने चाचणी फेरी पुन्हा घ्यावी.

या वेळी व्याह्यांनी काहीच नशिबावर सोडलं नाही. अंगणवाडीतल्या खुर्च्या अंगणात दोन-दोनच्या रांगेत मांडून त्यांनी सगळ्या वाडीकडून बसमध्ये चढण्याची तालीम करून घेतली. कुणी कुणाला विचारायचं नाही, मागे बघायचं नाही, दार उघडलं की आत. वाडी तीन दिवसांत तयार झाली. फक्त बुधीबाई, व्याही उभे दिसले की दर वेळी खुर्चीवरून उठे. "बसा ना," ते वैतागून म्हणत. "तुमी हुबं आन् मी बसू?" ती विचारे. यावर ते पुढच्या रांगेकडे वळत, कारण ते स्वतः तसेच होते.

चाचणीचा दिवस उजाडला. बस आली, वळली, दार उघडलं. बुधीबाई पुढे झाली, पायरीला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मागे वळली. "तुमी आदी," ती व्याह्यांना म्हणाली. सगळी तालीम पाण्यात गेली. व्याह्यांनी तोंड उघडलं आणि "नाही, नाही, आधी..." एवढं म्हटलं. मला समोर साहेबांचं घड्याळ दिसलं. पुढे मी काय केलं ते मला आजही नीट आठवत नाही, पण पाहणारे सांगतात की मी व्याह्यांना खांद्याने बाजूला सारलं, बुधीबाईच्या समोरून वाकून पुढे गेलो आणि सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढून पहिल्या खिडकीपाशी बसलो. मुलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत मी त्यांच्या आधी पाणीसुद्धा प्यालो नव्हतो. मग बुधीबाईचा आवाज आला. "ह्यो मानूस कसला? मोठ्याला ढकलून बसतो?" आणि मला जाब विचारायला ती तरातरा पायऱ्या चढून आत आली. ती चढलेली पाहताच तिच्या मागचे सगळे चढले. निम्मे बसायला आले होते, निम्मे भांडण ऐकायला. साहेबांनी कसलाही भेदभाव न करता सगळे मोजले.

बस गच्च भरली आणि दार लागलं तेव्हा व्याही खालीच राहिले होते. बुधीबाई माझ्या शेजारी बसून माझे संस्कार काढत होती. मी खिडकीतून बघितलं. ते सायकल धरून उभे होते आणि बोट नाचवत आतली माणसं मोजत होते, मध्येच चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. त्या रविवारी मुलीने मला विचारलं, "अप्पा, तुम्ही बाबांना धक्का दिलात?" मी काही बोलायच्या आत व्याहीच म्हणाले, "दिला. मोजून, हवा तेवढा दिला." आणि त्यांनी जेवायला पहिल्यांदा माझं ताट पुढे केलं. मी अर्थातच ते मागे सारलं.

आता बस रोज सकाळी आणि संध्याकाळी वाडीवर जाते. बुधीबाई खिडकीपाशी बसून आठ मिनिटांत फाट्यावर उतरते, तिथून पुढे पनवेलला जाते आणि स्टेशनाबाहेर तिच्या जागेवर असते. गुडघा बरा झालेला नाही, पण वाढलेलाही नाही. बसला मागे आकडे लागलेले नाहीत. सायकलच्या वाटेवर झुडपं पुन्हा वाढतात, आम्ही ती पुन्हा तोडतो. सुट्टीच्या दिवशी मुंबईकडचे काही तरुण रंगीत टोप्या घालून तिथून सायकली मारत जातात आणि भूगोलात न बसणाऱ्या वळणांवर थांबून फोटो काढतात. व्याह्यांना याचा आनंद आहे. पण तो आनंद ते पूर्वीसारखा मोठ्याने बोलून दाखवत नाहीत.

आम्ही अजून रोज वर जातो. फक्त आता उशिरा जातो. पोचतो तेव्हा बस सुटून अर्धा तास झालेला असतो, बुधीबाईच्या अंगणात कुणी नसतं, चूल विझलेली असते. व्याही थोडा वेळ ओट्यावर बसतात, घाम पुसतात, "आज बस वेळेवर सुटली असणार" असं म्हणतात, आणि आम्ही उतरतो. दोन किलोमीटर ते फार बोलत नाहीत. त्यांना काय हवंसं वाटतं ते न कळण्याइतका मी मूर्ख नाही. परवा न राहवून मी म्हटलं, "उद्या जरा लवकर निघू या की. बस यायच्या आधी पोचू. तिच्या हातचा चहा घेऊ. किती दिवसांत गाठ नाही तुमची." ते उतारावर ब्रेक दाबून थांबले.

"पहिल्या आठवड्यात गेलो होतो एकदा, तुम्हाला न सांगता," ते म्हणाले. "बस दारात उभी होती. तिने मला पाहिलं आणि बस सोडून दिली. पाहुणा चालत जाणार आणि मी बसून जाऊ, असं म्हणाली. आली हो माझ्याबरोबर चालत. सगळा उतार, त्या गुडघ्याने."

मग त्यांनी ब्रेक सोडला, आणि आम्ही एकामागोमाग एक खाली उतरलो.